बेळगाव-खानापूर पट्ट्याच्या मॉडेल रेल्वेसाठी कुठली इंजिनं घेऊ?

तुम्ही विचारलंय की आठ बाय चार फुटांची फळी आहे, एचओ स्केल (खऱ्याच्या 87 पट लहान) आहे, बेळगाव ते लोंढा हा पट्टा करायचाय, तर एक वाफेचं आणि दोन डिझेलची इंजिनं कुठली घेतली म्हणजे 'आपल्या भागातली' वाटतील.

सध्या एकही घेऊ नका. आधी साल ठरवा. याच चुकीवरून माझं आणि माझ्या काकांचं गणपतीत, आरतीच्या आधी, पाहुण्यांसमोर वाजलंय, म्हणून सांगतोय.

2016 ची गोष्ट. आमचं घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी गेट पडलं की सायकली टाकून आम्ही गाडी बघायला उभे राहायचो, खूळ तिथूनच लागलं. त्या वर्षी घरच्या गणपतीला देखावा म्हणून मी बेळगाव स्टेशन केलं. तीन महिने खपलो. एमडीएफ कापून फलाट केले, पुठ्ठ्याची कौलं एकेक चिकटवली, पिवळ्या पाटीवर बारीक ब्रशनं कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत नवं नाव घातलं, 'बेळगावी'. एका बाजूनं वाफेचं इंजिन मरून रंगाचे डबे घेऊन यायचं, दुसऱ्या बाजूनं हुबळी शेडचं डब्ल्यूडीजी-4 हे डिझेल इंजिन निळे डबे घेऊन. गल्लीतली पोरं जागची हलत नव्हती. आईनं शेवटी पंचखाद्य बाहेर व्हरांड्यात वाटायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका दर्शनाला आले. काका म्हणजे मिरजेला फायरमन म्हणून लागलेला आणि ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला माणूस. वाफ, मीटरगेजचं म्हणजे एक मीटर रुंद रुळाचं डिझेल वायडीएम-4, मग त्याहून रुंद ब्रॉडगेजचं डिझेल, तिन्ही चालवलेलं. गणपतीला हात जोडले, चष्मा पुसला आणि देखाव्यासमोर मांडी घालून बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले.

"पाटी कवाची रे ही?"

"आत्ताचीच की, काका. 2014 ला नाव बदललं नाही का?"

"आणि हे इंजिन कुठलं म्हणायचं?"

"वायपी."

"चाकं मोज की जरा."

मोजली. मोठी चाकं एका बाजूला चार. वायपी म्हणजे मीटरगेजचं पॅसेंजरचं वाफेचं इंजिन, तिला तीन असतात. चार म्हणजे वायजी, मालगाडीची. मला एका दुकानदारानं कुठलंसं परदेशी मॉडेल काळं रंगवून 'इंडियन वायपी' म्हणून गळ्यात मारलं होतं आणि मी त्याला एक्स्प्रेसचे डबे जोडून फिरवत होतो. इथवर मी हसण्यावारी नेलं असतं.

"हे भंगारात गेलं तवा तू कॉलेजात होतास," काका म्हणाले. "ते दुसरं हुबळीला आलं त्याच्या मागनं. ह्या दोघींची गाठ कधी पडलीच नाही बघ. आणि पडली असती तरी एका रुळावर कशी? ही मीटरची, ती ब्रॉडची."

"काका, खेळणं आहे हो ते."

"मग पाटीवर गावाचं नाव कशाला घातलंस?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. पण ते तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. उठता उठता म्हणाले, "आणि 'जी' म्हणजे गुड्स. पॅसेंजरला गुड्सचं इंजिन लावलंस ते कुणाला विचारून?" इथं मात्र मी चूक नव्हतो, आणि ते मी जरा मोठ्या आवाजात सांगितलं. आई मध्ये पडली. त्याकडे परत येतो.

तुमच्या प्रश्नाचं. वाफ आणि डिझेल दोन्ही एकाच फळीवर हवंच असेल तर तुमचं साल 1980 च्या आसपासचं आणि तुमचा रूळ मीटरगेज. बेळगाव-लोंढ्यावर दुसरा मार्ग नाही. आपला हा रस्ता सदर्न मराठा रेल्वेनं घातला तेव्हापासून मीटरगेज होता आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. म्हणजे मालाला वायजी, पॅसेंजरला वायपी, आणि मेल-एक्स्प्रेसला वायडीएम-4. तीन इंजिनं झाली, फक्त वाफेची दोन आणि डिझेलचं एक. डबे मरून. डब्यांवर दक्षिण मध्य, कारण 1966 पासून आपण तिकडे होतो. दक्षिण पश्चिम रेल्वे झाली ती 1 एप्रिल 2003 ला. पाटीवर चुकूनसुद्धा 'बेळगावी' घालू नका, माझं काय झालं ते वाचलंत.

अडचण रुळाची आहे. एचओमध्ये मीटरगेज म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, त्याला 12 मिलिमीटरचा रूळ चालतो. तुमच्याकडे 16.5 चा असणार, सगळ्यांकडे तोच असतो. त्यावर वायपी ठेवली की ती ढोपरं फाकवून चालल्यासारखी दिसते. लोक म्हणतात, कुणाला कळतंय. आमच्या घरात एकाला कळलं.

16.5 चा रूळ ठेवायचाच असेल तर ब्रॉडगेज करा आणि वाफ विसरा. तिथंही काटेकोर मोजलं तर 19 च्या वर जायला पाहिजे, कारण आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. पण एवढी चोरी डोळा पोटात घालतो. मग डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल किंवा त्याचंच पुढचं रूप डब्ल्यूडीएम-3ए, आणि सोबत हुबळीचं डब्ल्यूडीजी-4. डब्ल्यूडीजी-4 ही 4000 अश्वशक्तीची इंजिनं 1999 मध्ये परदेशातून आली ती हुबळी शेडलाच, त्यामुळे आपल्या भागाचं खास म्हणावं असं इंजिन हेच. बाकी देशाला त्याचं कौतुक उशिरा कळलं. साल 2005 धरा, दोन्ही प्रकार बिनधास्त एकत्र फिरवा, डबे निळे, पाटी जुनी. विजेवरचं डब्ल्यूएपी-7 बघून भुलू नका. दिसायला देखणं आहे, पण ते आणलंत तर फळीभर खांब आणि तारा ओढायला लागतील. आपल्याकडे तारा आल्या त्या गेल्या काही वर्षांत, आणि सोबत दुसरा रूळही आला. तेवढं करायची तयारी असेल तर तुमची मर्जी.

एक तिसरा रस्ता आहे आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात मजेशीर. मिरज करा. पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेला 1971 मध्ये पोचलं, लोंढ्याकडून मीटरगेज होतंच, आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची, मीटरगेजहूनही अरुंद, नॅरोगेज. पुढची वीसेक वर्षं तिन्ही गेज एका गावात नांदले. म्हणजे डब्ल्यूडीएम-2 आणि वायपी शेजारशेजारच्या रुळांवर उभी करा, कुणाचा काका काही बोलू शकणार नाही. फक्त मिरज महाराष्ट्रात आहे, तुम्हाला 'बेळगाव भाग' म्हणायचंय. तो वाद आपण इथं नको घालूया, तो घालायला मोठी माणसं आहेत.

घाट करायचा मोह होईल. बेळगावचा माणूस लेआउट करतो म्हटलं की त्याला दूधसागर हवाच असतो. त्या घाटात कुळे ते कॅसलरॉक चढ 37 ला 1 आहे. म्हणजे एक रूळ दुसऱ्यावरून नेण्याइतकं, समजा 8 सेंटिमीटर, चढायला जवळजवळ 3 मीटर सरळ रूळ लागतो. तुमची फळी अडीच मीटरचीही नाही. लोक मग चढ दुप्पट करतात आणि इंजिन जागेवर चाकं फिरवत बसतं. त्यापेक्षा खानापूर करा, गुंजी करा. सपाट फलाट, गाडी बाजूला घ्यायला एक लूप, मागे झाडी. मालाची सायडिंग हवी असेल तर उलट्या दिशेला उगार घ्या, साखर कारखाना आहे, उसाच्या गाड्या आहेत, कृष्णेवरचा पूल कुडचीकडे आहेच.

आणि डबे पाच. सहाव्याचा हट्ट नको. जुना आयसीएफ डबा एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, नवा एलएचबी डबा सत्तावीसचा. चार फूट रुंदीच्या फळीवर वळण साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या आतच बसतं, त्यात एलएचबी डबे कोपरं बाहेर काढून जातात आणि फलाटावरच्या हमालाला उडवतात. माझे दोन हमाल गेले.

आता ते डब्ल्यूडीजी-4 चं. नावात 'जी' आहे म्हणून ते फक्त मालगाडीला, हे पुस्तकी झालं. घाटात पॅसेंजर गाड्यांना मागून रेटायला हेच बँकर म्हणून लागत, ते काकांनाही मान्य आहे. माझं म्हणणं त्यापुढचं: खानापूरला मी पॅसेंजरच्या पुढं, एकटं, हुबळीचं डब्ल्यूडीजी-4 पाहिलंय. माझ्या सासुरवाडीला जाता-येता पाहिलंय. 2016 च्या त्या गणपतीनंतर मी वहीच घातली. तारीख, वेळ, गाडी, इंजिनाचा नंबर. वर्षभरात चार नोंदी झाल्या, तशी वही घेऊन काकांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून चारही वाचल्या. नंबर तोंडातल्या तोंडात पुटपुटले, म्हणजे ओळखीचे होते.

"लिंक मोडली असणार त्या दिवशी. हातात असेल ते इंजिन लावतात." (लिंक म्हणजे कुठल्या गाडीला कुठलं इंजिन हे ठरलेलं वेळापत्रक.)

"चारही दिवस?"

"चारही दिवस. रेल्वे आहे बाबा ती."

त्यांचं म्हणणं असं की देखावा रोजचा दाखवायचा असतो, बिघडल्या दिवसाचा नव्हे. माझं म्हणणं, लेआउट हा एकाच दिवसाचा असतो, तो कुठला हे मी ठरवणार. साल जुळलं की झालं. तुम्ही माझ्या बाजूचे असाल असं धरून चालतो, नाहीतर तुम्हाला तीन इंजिनांवर भागणार नाही.

राहिलंच, माझ्याकडे आज धड म्हणावीत अशी दोनच इंजिनं आहेत, आणि मीटरगेज मी स्वतः अजून केलेलं नाही, त्यामुळे 12 मिलिमीटरच्या रुळावर पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे, कसे वागतात ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. रंगासाठीही माझ्यावर विसंबू नका; वायडीएम-4 चे रंग शेडगणिक बदलायचे, फोटो हातात आल्याशिवाय ब्रश बुडवू नका. आणि कुणी 'इंडियन वायपी' म्हणून विकायला आला तर पैसे द्यायच्या आधी चाकं मोजा.

खानापूर, गुंजी, देसूर, कुठलंही स्टेशन चालेल. पॅसेंजरच्या पुढं डब्ल्यूडीजी-4 आहे आणि तारीख दिसतेय असा जुना फोटो तुमच्याकडे किंवा वाचणाऱ्या कुणाकडे असला तर कृपा करून खाली टाका. जमलं तर पाचसहा टाका, वेगवेगळ्या महिन्यांतले. गणपती जवळ आलेत आणि काका येणार आहेत.