120 फोन, एक पासवर्ड आणि एकाच दिवशी संपलेली सर्टिफिकेटं

प्रश्न: दादा नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळी खरेदीची कंपनी आहे, आयटीचं सगळं मी एकटाच बघतो. फील्डवरच्या पोरांकडे कंपनीचे 120 ॲन्ड्रॉइड फोन आहेत, वजनाची एन्ट्री आमच्या ॲपमध्ये होते, आणि ॲप काय, पॅकहाऊसचं वायफाय काय, दोन्ही डिजिटल सर्टिफिकेटवर (फोनचं ओळखपत्रच म्हणा) चालतं. सर्टिफिकेटं मी लॅपटॉपवर बनवतो, पीएफएक्स फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो, पासवर्ड सगळ्यांना एकच. मागच्या मे महिन्यात सगळी एकाच दिवशी एक्स्पायर झाली. सकाळी सहाला काट्यावर घड, ॲप उघडेना, गाड्या दुपारपर्यंत उन्हात उभ्या. आता एमडीएमवाला (सगळे फोन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर देणारा) म्हणतो स्केप लावा, सर्टिफिकेटचं काम आपोआप होईल. ते सेफ आहे का?
– एक वाचक, रावेर

उत्तर: भाऊ, आधी एक सांगतो, एक्स्पायरी हा तुमचा छोटा त्रास आहे. मोठा त्रास ती पीएफएक्स फाइल आहे. तिच्यात नुसतं सर्टिफिकेट नसतं, प्रायव्हेट की म्हणजे गुप्त किल्लीपण असते, म्हणजे ज्याच्याकडे फाइल आणि पासवर्ड तो तुमच्या सर्व्हरसाठी तुमचाच माणूस झाला. नोकरी सोडून गेलेला पोरगा ग्रुपमध्ये असेल तर त्याच्याकडे आजही सगळं आहे.

आपोआप करण्याचा खरा फायदा इथे आहे, वेळ वाचतो तो वेगळा. फोन स्वतःच कीची जोडी तयार करतो, प्रायव्हेट की फोनच्या बाहेर पडतच नाही, फक्त सही केलेला अर्ज म्हणजे सीएसआर सर्व्हरकडे जातो आणि सर्टिफिकेट परत येतं. म्हणून एमडीएमवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की कुठे तयार होते, फोनवर का तुमच्या सर्व्हरवर? कारण काही ठिकाणी सर्व्हरवर बनवून फोनवर ढकलतात आणि त्यालापण ऑटोमॅटिकच म्हणतात.

स्केप म्हणजे एससीईपी, फोनने सर्व्हरकडे सर्टिफिकेट मागायचा जुना प्रोटोकॉल आहे, 2000 सालापासून मसुदा म्हणून फिरत होता आणि थेट 2020 मध्ये आरएफसी 8894 म्हणून अधिकृतपणे प्रसिद्ध झाला, पण जवळजवळ प्रत्येक एमडीएमला येतो म्हणून टिकला. त्याची दुखरी जागा म्हणजे चॅलेंज पासवर्ड. अर्जासोबत फोन तो पासवर्ड देतो आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. तुम्ही 120 फोनना एकच चॅलेंज दिलं तर ते ज्याच्या हाती लागेल तो मालकाच्या नावानेही सर्टिफिकेट मागू शकतो, म्हणजे व्हॉट्सॲपवरचाच खेळ पुन्हा. तेव्हा प्रत्येक फोनला वेगळं, एकदाच चालणारं चॅलेंज हवं, आणि अर्जातलं नाव एमडीएमने त्या फोनला दिलेल्या नावाशी जुळतं का हे सर्व्हरने तपासायला हवं. एवढं असेल तर बिनधास्त लावा. सीएचा, म्हणजे सर्टिफिकेट देणारा सर्व्हर मात्र थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, मध्ये प्रॉक्सी म्हणजे मधला सर्व्हर ठेवा. साहेबांकडे आयफोन असतील तर आयओएस 16 पासून एसीएमई नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलने अर्ज करता येतो आणि हा खरंच ॲपलचाच फोन आहे असा पुरावापण सोबत जातो, ते जास्त पक्कं.

आता रिन्यूअल, तुमचा घाव तिथलाच आहे. एससीईपीत चालू सर्टिफिकेटने सही करून नवीन मागता येतं, पण एकदा मुदत संपली की ती सही कामाची नाही, मग पहिल्यापासून सगळं. म्हणून मुदतीचे शेवटचे 20 टक्के दिवस उरले की फोनने रिन्यूअल सुरू करावं, एक वर्षाच्या सर्टिफिकेटला 73 दिवस. जास्त वाटतील, पण तुमची पोरं सातपुड्याच्या पायथ्याला फिरत असतील, धडगाव-अक्कलकुव्याकडे जात असतील तर रेंज कधी मिळेल सांगता येत नाही, कोणी सुट्टीवर फोन कपाटात ठेवून जातो. आणि पहिल्या वेळी सगळे फोन एकाच आठवड्यात घेऊ नका, 15-20 च्या गटाने दोन-तीन महिन्यांत पसरवा, म्हणजे पुन्हा एकाच दिवशी संपणार नाहीत. सीएचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि वायफायवर कोणाला घ्यायचं ते तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट कधी संपतं तेही आजच बघून ठेवा, ते संपलं तर फोनवरचं कितीही ताजं असो, उपयोग नाही.

एमडीएममध्ये क्रम चुकवू नका, आधी रूट सर्टिफिकेट (सीएचं मूळ सर्टिफिकेट), मग स्केपचं प्रोफाइल, मग वायफाय. आणि सर्टिफिकेटशिवाय वायफाय नाही, वायफायशिवाय सर्टिफिकेट नाही अशी गाठ पडते, त्यामुळे पहिली नोंदणी सिमच्या डेटावर करायची. फोनची तारीख-वेळ नेटवर्कवरून ऑटोमॅटिक ठेवा, बॅटरी मेलेला फोन जुनी तारीख दाखवतो आणि नवंकोरं सर्टिफिकेट 'अजून सुरू झालं नाही' म्हणून नाकारलं जातं. ॲपसाठी वेगळी फाइल नको, ॲपला ॲन्ड्रॉइडच्या कीचेनमधूनच सर्टिफिकेट वापरायला लावा, एमडीएम ती परवानगी आधीच देऊन ठेवतं, पोराला काही निवडावं लागत नाही.

फोन हरवला तर वाइप करा, पण तेवढ्यावर थांबू नका, सर्टिफिकेट रद्द करा, आणि रेडियस ती रद्द यादी खरंच वाचतो का ते एक जुना फोन मुद्दाम रद्द करून पॅकहाऊसमध्ये जोडून बघा. बऱ्याच ठिकाणी यादी असते, ती वाचायचं सेटिंगच बंद असतं.

सुरुवात पॅकहाऊसमधल्या 10 फोनपासून करा, गर्दी नसलेल्या आठवड्यात. शेवटचा फोन नव्यावर आला की ग्रुपवरच्या फाइली नुसत्या डिलीट करू नका, ती जुनी 120 च्या 120 सर्टिफिकेटं त्याच दिवशी रद्द करा.