थॉमस डॉल्बी यांचे 'आय स्केअर मायसेल्फ' मूळ कोणाचे, आणि त्या बँडचे आणखी काय ऐकावे?

ब्रिटिश गायक-संगीतकार डॉल्बी यांनी १९८४ मध्ये 'द फ्लॅट अर्थ' या अल्बममध्ये गायलेले हे गाणे मूळचे डॅन हिक्स यांचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे हिक्स आधी 'द शार्लटन्स' या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत असत. पुढे त्यांनी 'डॅन हिक्स अँड हिज हॉट लिक्स' हा स्वतःचा संच उभारला आणि त्यात ड्रमला जागाच ठेवली नाही. जळगाव-धुळ्याकडे ताशाशिवाय वरात पुढे सरकत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना हे पटायला थोडा वेळ लागतो. परंतु गिटार आणि डबल बासच्या ठेक्यावर सिड पेज यांचे व्हायोलिन धावू लागते आणि 'लिकेट्स' या साथीच्या गायिका हिक्स यांच्या तिरकस ओळींना तितकाच खट्याळ जबाब देतात, तेव्हा तालवाद्याची उणीव मुळीच जाणवत नाही.

हे गाणे त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये आहे आणि १९७२ च्या 'स्ट्रायकिंग इट रिच'मध्ये पुन्हा आहे. माझ्या मते दुसरे ध्वनिमुद्रण अधिक सरस आहे. डॉल्बी यांचे रूप देखणे असले, तरी मूळ गाण्यातील अस्वस्थता त्यात काहीशी सौम्य झाली आहे.

बँड ऐन भरात असताना १९७३ मध्ये हिक्स यांनी तो मोडला. २००० मध्ये 'बीटिंग द हीट' घेऊन ते परतले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. विनोदी बाजू पाहायची असल्यास 'हाऊ कॅन आय मिस यू व्हेन यू वोन्ट गो अवे' ऐकावे, आणि मग थेट मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला १९७१ चा 'व्हेअर्स द मनी' ऐकावा.