वसंतातल्या बर्फाचं वेळापत्रक

प्रिय मित्रा,

वसंतात बर्फाळ शिखर चढण्याचा तुझा बेत वाचला. नकाशावर उताराचे कोन मोजून ३० ते ४५ अंशांमधले टप्पे लाल केलेस, हे उत्तम. हिमस्खलन घडवणारे स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारे बर्फाचे थर, बहुधा त्याच कोनांत सुटतात. पण तंबू सकाळी नऊला सोडायचा, असं लिहिलं आहेस आणि तिथेच मी अडलो. वसंतात कुठून जातोस याइतकंच किती वाजता जातोस हेही बघावं लागतं.

सगळं आदल्या रात्रीवर ठरतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असले की ती उष्णता अडकते. म्हणून अंदाजात फक्त तापमान पाहू नकोस, ढगही बघ. पहाटे टाच आपटून खात्री करून घे. वर कडक पापुद्रा आणि खाली ओला लगदा लागला, तर गोठण वरवरची आहे. तासाभरात ती संपेल.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मोसमातल्या पहिल्या उबाऱ्याची. हिवाळाभर कोरड्या राहिलेल्या थरांत तेव्हा पहिल्यांदाच पाणी झिरपतं, एखाद्या घट्ट थरावर तुंबतं आणि गाडला गेलेला जुना कच्चा थर ढिला करतं. नंतर गोठण्या-वितळण्याची बरीच आवर्तनं झाली की बर्फ त्या मानाने शहाण्यासारखा वागतो. मात्र दोन-तीन रात्री गोठलाच नाही, किंवा त्यावर पाऊस पडला, तर सरळ बेत रद्द कर. त्यात चर्चेसारखं काही नाही.

उत्तर गोलार्धात ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येतं, मग दक्षिणेच्या, मग पश्चिमेच्या. तुझी परतीची वाट दुपारी दोनला नेमकी पश्चिमेच्या उताराखालून जाते! उत्तरेची बाजू कोरडी दिसते म्हणून तिच्यावरही विसंबू नकोस. तिथे हिवाळ्यातले कच्चे थर अजून जिवंत असू शकतात.

बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की माघारी फिर. बहुतेकांचं लक्ष पायाखाली असतं, डोक्यावर काय आहे ते कोणी पाहत नाही. कॉर्निस, म्हणजे कड्यावरून बाहेर लोंबणारी बर्फाची कड, उन्हात सैल होऊन तुटते आणि लोक नेमके तिच्याखालच्या घळीत डबा उघडून बसतात. ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, पण भयंकर जड असतं आणि थांबताच घट्ट बसतं. म्हणून फावडं धातूचंच घे. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि तंबूतून निघतानाच सगळ्यांचे ट्रान्सीव्हर तपासून घ्या.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यात वसंतात बरेचदा धोक्याच्या पातळीचे दोन आकडे असतात, सकाळचा आणि दुपारचा. परतीची वेळ दुपारच्या आकड्यावरून ठरव. माझ्या मते पहाटे चारला निघा आणि अकराच्या आत त्या पश्चिम उताराखालून बाहेर पडा. शिखर तोवर झालं नाही, तर राहू दे. नवं वेळापत्रक आखलंस की पाठव.

तुझा,
दादा