वेशीतून आलेली राणी

प्रश्न : नातीबरोबर ‘हेन्झेल उंड ग्रेटेल’ या जर्मन ऑपेराचं रेकॉर्डिंग पाहिलं. दोघींनाही फार आवडलं. याच संगीतकाराचं आणखी काही आहे का?
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आहे, आजी! एंगेलबर्ट हुम्परडिंक यांचा ‘क्योनिग्सकिंडर’, म्हणजे ‘राजाची लेकरं’. तो मागे पडला याची मला फार हळहळ वाटते.

चेटकिणीच्या तावडीत अडकलेली, राजहंस राखणारी एक पोर आणि घर सोडून हिंडणारा राजपुत्र. गावात ठरलेलं असतं की सणाच्या दिवशी, बाराच्या ठोक्याला वेशीतून जो आत येईल तो आपला राजा. लोक माना उंचावून थाटामाटाच्या स्वारीची वाट बघतात. दार उघडतं आणि आत येते डोक्यावर मुकुट घातलेली ही पोर, सोबत तिचे राजहंस. गाव आधी हसतं, मग तिला आणि गावात आलेल्या राजपुत्राला, दोघांनाही हाकलून देतं. केरसुण्या बांधणाऱ्याची चिमुरडी तेवढी रडत सांगते, तेच राजा-राणी होते.

२८ डिसेंबर १९१० ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या नाट्यगृहात या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या पोरीची भूमिका गाणारी जेराल्डिन फरार खरेखुरे राजहंस घेऊन रंगमंचावर आली होती. त्याआधी, १८९७ मध्ये म्युनिकला, हेच नाटक वेगळ्या रूपात झालं होतं. त्यात नटांनी गायचं नाही, बोलायचंच, पण लिहून दिलेल्या सुरात. गडकरी रंगायतनला संगीत नाटक पाहताना नट बोलता बोलता कधी पदात शिरला ते कळत नाही ना? त्याच उंबरठ्यावरची ही गोष्ट.

मग विसर का पडला? मला वाटतं, शेवटामुळे. तुमच्या हेन्झेल-ग्रेटेलनं मिळून चेटकिणीला भट्टीत ढकललं. इथे ही दोघं बर्फात उपाशी, मुकुट देऊन भाकरी घेतात आणि ती निघते विषारी. नाताळात मुलांना काय दाखवायचं म्हटल्यावर कोण हे निवडणार?

अलीकडे युरोपातली नाट्यगृहं याच्याकडे पुन्हा वळली आहेत. झुरिकच्या २००७ च्या प्रयोगाची डीव्हीडी मी वाशीच्या घरी पाहिली. राजपुत्राच्या भूमिकेत गायक योनास काउफमान. तिसऱ्या अंकाआधीचा वाद्यमेळ सुरू झाला आणि कुकरची शिट्टी झाली. उठून गॅस बंद केला, डीव्हीडी मागे नेली आणि तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

नातीला पहिले दोन अंक निर्धास्त दाखवा. तिसऱ्याला मात्र तिला कुशीत घेऊन बसा. शेवटी गावातली मुलं बर्फात त्या दोघांना शोधत येतात.