लूपला ‘आवर्तन’ म्हणावं का?

तिवसा तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या बुवांनी विचारलं आहे : “आमच्या मंडळातला पोरगा कॉम्प्युटरवर खंजिरीचा ठेका भरते अन् त्याले लूप म्हनते. त्याले ‘आवर्तन’ म्हटलं त चालते का?”

बुवा, सरसकट नाही. लूप नेमका केरवा तालाच्या आठ मात्रांचा असेल आणि समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, निघून समेवर येत असेल, तर त्यात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, भरलेलं आहे, इतकं म्हणता येईल. पण तोच तुकडा शंभर वेळा फिरला म्हणून त्याला शंभर आवर्तनं म्हणणं मला पटत नाही.

‘आवर्तन’मध्ये ‘वृत्’ हा धातू आहे, म्हणजे वळणं, फिरणं. ‘आ’ लागला की फिरून परत येणं. अप्पर वर्धाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हा शब्द गवयाइतकाच जवळचा आहे. कालव्याला आवर्तन सुटलं की हरभऱ्याचं ओलीत होतं. एका आवर्तनाला हरभरा फुलोऱ्यावर असतो, पुढच्याला घाटे भरत असतात. पाणी त्याच पाटानं येतं, पीक मात्र तेच राहिलेलं नसतं. खंजिरीचंही असंच आहे. तुकडोजी महाराजांमुळे मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव गेलेलं हे वाद्य आपल्याकडे कुणाला ऐकून माहीत नाही? अंतऱ्याला हात हलका होतो, धृपदावर परतताना जड पडतो, आणि गाणारा रंगला की लय अंगुळभर चढते. सम तीच असली तरी तिथे पोचणारा हात दर वेळी काहीतरी घेऊन येतो.

लूपला हे जमत नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर केरव्याच्या आठ मात्रांना ४ सेकंद लागतात. सीडीच्या दर्जाचा आवाज भरताना कॉम्प्युटर तो सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो, म्हणजे या केरव्याचे एका कानापुरते १,७६,४०० आकडे झाले. शंभराव्या फेऱ्यालाही तेच आकडे, त्याच क्रमानं. ज्या दिवशी भरलं त्या दिवशी पावसाळी हवेनं खंजिरीचं कातडं सैल असेल, तर भर उन्हाळ्यातही ते सैलच वाजणार.

लूप म्हणजे मुळात दोरीचं वेटोळं. टेपच्या काळात फितीची दोन टोकं खरोखरच एकमेकांना चिकटवत. त्याआधी, १९४८ साली, पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी तबकडीवरची खाच स्वतःशीच मिटवून सुई एका फेऱ्यात मुद्दाम अडकवली होती. लग्नात लाउडस्पीकरवरची तबकडी अडकली की एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची, ते आठवा.

म्हणून ‘लूप’च राहू द्यावा. तो आपल्या बोलीत छान रुळला आहे : लूप लावला, लूप कापला, लूपले, लूपमंधी. जिथे शेवट सुरुवातीला भिडतो त्या जागेला मात्र ‘सांधा’ म्हणा. आवाजाची लाट अध्येमध्ये कापली गेली तर तिथे दर फेऱ्याला टक् वाजतं. सांधा चुकला म्हटलं की सुताराच्या पोरालाही कळेल.

एक अपवाद मला मनापासून मान्य आहे. १९८३ साली मिडी ही पद्धत आली. तीत आवाज साठवत नाहीत. कोणता ठोका कधी, किती जोरानं, एवढंच लिहिलेलं असतं, आणि जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजतात. तुमच्या पोरानं बसून अंतऱ्याला जोर ५०वर उतरवला असेल, धृपदाला ११०वर नेला असेल, दर फेऱ्यात एखादा ठोका वेगळा टाकला असेल, तर तिथे हात नसला तरी कान आहे. त्याच्या ठेक्याला मी आवर्तन म्हणेन.

आणि त्यानं नुसता तुकडा फिरवला, पण वरून तुम्ही खंजिरी धरली, तर असं म्हणा : पोरानं लूप लावला, आवर्तनं बुवांनी घेतली.