'डान्सिंग ऑन माय ओन' ऐकताना गळा दाटतो आणि पायही थिरकतात, असं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. स्वीडिश गायिका रॉबिनच्या या गाण्यात गोष्ट प्रेमभंगाची, मग ते लागलं की नाचावंसं का वाटतं? आणि ब्रिटिश गायक कॅलम स्कॉटनं पियानोवर संथ गायलेलं व्हर्जन त्या दुःखाला जास्त शोभत नाही का? मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे उत्तर वाद्यांच्या अंगानं देतो. दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो: माझ्या मते, नाही शोभत.

गाण्यातली गोष्ट इवलीशी आहे. आपल्या जुन्या प्रियकराला दुसरी कोणी भेटलीय हे गाणारीच्या कानावर आलंय. हा मूर्खपणा आहे हे ती स्वतःच कबूल करते, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला राहवत नाही. म्हणून क्लबात जाते, कोपऱ्यात उभी राहते, त्या दोघांना चुंबन घेताना बघते. त्याचं तिच्याकडे लक्षही जात नाही. बस्स. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत, तळतळाट नाही. ती नाचत राहते.

आता संगीत बघा. लय मिनिटाला ११७ ठोक्यांची, म्हणजे धावपळीची नाही, पण बसूही देत नाही. सूर आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन, आणि स्केल मेजर, म्हणजे उजळ वाटणारी. रडकं गाणं म्हटलं की उदास वाटणारी मायनर स्केल धरायची सवय असते, तसं इथे नाही. पहिल्या सेकंदापासून सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) बास, म्हणजे खालचा जाड सूर, एकसारखा धडधडत राहतो, आणि ती काय भोगतेय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. खरी गोम इथे आहे. क्लबातलं संगीत कुणाचं मन मोडलं म्हणून थांबत नाही. तुम्ही ऐकता ते तिचं दुःख आणि त्याच वेळी तिच्या भोवतीची ती बेफिकीर खोली, दोन्ही एकाच ट्रॅकवर. पाय थिरकतात ते खोलीमुळे, गळा दाटतो तो तिच्यामुळे.

शिवाय रॉबिन गाते कशी तेही ऐका. ताना नाहीत, हुंदके नाहीत, आवाज फाडून दाखवणं नाही. सरळ सांगून टाकल्यासारखं गाते.

माझी आवडती जागा मात्र शेवटाकडे आहे. शब्दांत दिवे लागतात, संगीत थांबतं, आपण फक्त निरोप घ्यायला आलो होतो असं ती म्हणते. आमच्यासारख्या बँडनं इथेच गाणं संपवून टाळ्या घेतल्या असत्या. इथे मात्र ड्रमचा एक दणदणीत फिल, म्हणजे भरणीचा तुकडा, येतो आणि मुखडा पुन्हा उसळतो. हेडफोन लावून तेवढाच तुकडा दोनदा ऐका, मी वेगळं काही सांगायची गरज उरणार नाही.

म्हणूनच संथ व्हर्जन मला अर्धवट वाटतं. ठोका काढला की क्लब गेला, क्लब गेला की ती एकटी नाचतेय कुठे? उरतो तो पियानोवरचा विरह, आणि तसली गाणी ढिगानं आहेत. तरी कॅलम स्कॉटला एका गोष्टीचं श्रेय द्यायलाच हवं. तो पुरुष म्हणून गातो, पण समोरच्या माणसाच्या मिठीतली मुलगी तशीच ठेवतो. त्यामुळे ही एका पुरुषाच्या दुसऱ्या पुरुषावरच्या प्रेमाची गोष्ट होते, आणि ती खरंच लागते. २०१५ मध्ये त्यानं हे 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या टीव्ही स्पर्धेत गायलं, पुढच्या वर्षी ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळ गाणं तिथे आठव्यावर थांबलं होतं; स्वीडनमध्ये मात्र पहिलं आलं. क्रमांकांवरून गाण्याची किंमत ठरवू नये ती यासाठी.

आता बाईंविषयी थोडं. रॉबिन मूळची स्टॉकहोमची, जन्म १९७९ चा. किशोरवयातच स्टार झाली. गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिनबरोबर केलेलं 'शो मी लव्ह' १९९७ मध्ये अमेरिकेत गाजलं. पण मोठ्या कंपनीच्या तालावर नाचणं तिला मानवेना, आणि २००५ मध्ये तिनं कोनिचिवा रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली. 'डान्सिंग ऑन माय ओन' २०१० चं, पॅट्रिक बर्गरबरोबर लिहिलेलं. ते 'बॉडी टॉक' या अल्बम-मालिकेतलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं; ती मालिका तिनं एकाच वर्षात तुकड्या-तुकड्यांनी बाजारात आणली. मालक स्वतःच असला की असले उद्योग जमतात.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला तिचा कार्यक्रम सुटल्यावर खालच्या सबवे स्टेशनात गर्दीनं मिळून हेच गाणं म्हटलं. त्याचा व्हिडिओ जरूर शोधा. एकटेपणाचं गाणं, आणि फलाटावर खच्चून भरलेली माणसं ते ओरडून म्हणतायत!

आणि हे आवडलं असेल तर लगोलग त्याच 'बॉडी टॉक'मधलं 'कॉल युअर गर्लफ्रेंड' लावा. तिथे रॉबिन बाजू बदलते. या वेळी ती आहे ती नवी मुलगी, आणि जुनीला कसं सांगायचं, तिला कमीत कमी दुखेल असं काय बोलायचं, हे ती प्रियकराला पढवतेय. व्हिडिओत ती रिकाम्या हॉलमध्ये एका सलग शॉटमध्ये नाचते, तेही एकटीच.