बोअरमधून निघालेली कांडी

भाऊ, नमस्कार.

‘पोरगी बारावी सायन्सला आहे, हिमनद्यांचा अभ्यास करायचा म्हणते. आमच्या रावेरला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, बर्फ दिसतो तो रसवंतीवर. हे शिकून ती करेल काय?’ असं तुम्ही विचारलंत. काळजी रास्त आहे. पण मला तिचं म्हणणं पटलं.

हा अभ्यास सुरू होतो दगड-मातीपासून. एकदा तिला तापीकाठी न्या. पाण्यानं कापलेली उभी दरड नीट बघा. कुठे गोटे-वाळू, कुठे पिवळसर गाळ, मध्येच चुनखडीचे पांढरे खडे. हे खडे बहुधा कोरड्या हवेत, कमी पावसाच्या काळात मातीत तयार होतात. जुना पाऊसपाणी असा वाचता येतो. बर्फातही तसंच. तुम्ही केळीच्या बागेत बोअर घेता, निघालेला चुरा बाजूला पडतो. अंटार्क्टिकात डोम सी या ठिकाणी ३ किलोमीटरहून खोल बोअर घेतलं आणि बर्फाची कांडी न् कांडी जपली. तिच्यातल्या बुडबुड्यांत ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा सापडली! बर्फातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या वेळी थंडी किती होती तेही कळतं. म्हणून तिला केमिस्ट्री आणि गणित सोडू देऊ नका.

वाट अशी: बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यायचं; पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे. शेवटच्या वर्षी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यायची, त्यावर आयआयटीत एम.एस्सी. मिळते. मग नेट किंवा गेट या पात्रता परीक्षांपैकी एक, आणि पीएच.डी. डेहराडूनची वाडिया संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र इथे हेच काम चालतं. गोव्याच्या केंद्राचं ‘हिमांश’ हे संशोधन ठाणं २०१६पासून हिमाचलमधल्या स्पितीत आहे, १३,५०० फुटांच्या वर.

स्पष्ट सांगतो, बारावीनंतर दहा वर्षं धरा, आणि संशोधनातल्या जागा थोड्याच असतात. मात्र एम.एस्सी. भूशास्त्रावर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते, भूजलाची कामंही मिळतात. पाणी खोल गेलेल्या रावेर-यावलमध्ये त्याची गरज मी तुम्हाला काय सांगू?

मुलीला डोंगरात एकटीला कसं पाठवायचं, हेही तुम्ही विचारलंय. हिमनदीवर कुणीच एकटं जात नाही. तुकडी असते, मोसमात काही आठवडे. बाकीचं वर्ष प्रयोगशाळेत जातं.

निकाल लागला की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. दरडीत काय काय दिसलं, तेही त्यात लिहायला सांगा.